दुसरं टोक

दुकानदार विचारतो, पट्टी किती इंची?
मी इरप्पाकडे बघतो,
इरप्पा पंख्याकडे.
सोळा, अठरा, बावीस, भिंतीवर ओळीनं टांगलेल्या,
नारिंगी, लाल, आणि एक हिरवी, तिचा डबा फाटलेला.
झाड कसलं?
वेडी बाभूळ. कधी चिंच.
वादळात पडला तर कडुनिंब.
मग अठरा पुरे. बावीस घ्याल तर खांद्याची वाट लागेल.
खांदा म्हटल्यावर
इरप्पा पंख्यावरूनही नजर काढतो.

सव्वीस वर्षं आम्ही एकच करवत ओढली,
दोन मुठींची, साडेचार फुटी.
त्या टोकाला तो, या टोकाला मी, मध्ये झाड.
ढकलायचं नाही, हे त्यानंच शिकवलं पहिल्या दिवशी:
आपण नुसतं ओढायचं
आणि मग सोडायचं, खरंच सोडायचं,
उरलेलं काम समोरच्याचं.
भांडण झालं की पातं अडकायचं.
अक्कलकोट रोडवरून जाणारी गिऱ्हाइकं
नुसत्या आवाजावरून सांगायची,
आज बोलत नाहीत दोघं.

चैत्रात त्याचा उजवा हात
खांद्याच्या वर जाईना.
सिव्हिलमध्ये म्हणाले, गोठलाय.
बेचाळीस डिग्रीच्या गावात
गोठायला माझाच खांदा सापडला बे,
असं म्हणून तो इतका हसला
की नर्सनं बाहेर काढलं आम्हाला.

दुकानदार चालूच आहे:
अठ्ठावन्न सीसी, लिटरला पंचवीस मिली टू-टी ऑइल,
पट्टीचं तेल वेगळं, ते विसरलात तर साखळी जळाली समजा.
गोल कानस, एक जादा साखळी,
चष्मा, हातमोजे, पायाला जाड पट्टे, नाही म्हणू नका मालक,
मांडीवर उसळलं की टाके मोजायला माणूस लागतो.
विजेवरचं स्वस्त आहे.
मी म्हणतो, वीज असते तेव्हा आम्ही रानात असतो.

इरप्पा कानावरचे टोप घालून बघतो.
कसं वाटतंय?
काय?
कसं वाटतंय म्हटलं.
तो टोप काढत नाही.
झकास आहे, म्हणतो, तू दिसालास, पण ऐकू येईना झालास.

मग डाव्या हाताचं एक बोट
साखळीखाली घालून उचलतो, सोडतो.
ढिली आहे.
दुकानदार पाना घेऊन तपासतो. ढिली निघते.
वखारीच्या आधी बारा वर्षं मागावर होता तो,
ताणाच्या बाबतीत त्याचं बोट चुकत नाही.

बिल कुणाच्या नावानं?
दोघांच्या.
वॉरंटी एकाच नावावर येते, मालक.
तुझं घाल, इरप्पा म्हणतो,
खांदा ज्याचा, नाव त्याचं.

आता तीन दिवसांचं काम दुपारच्या आत होतं.
पाणीवेशीच्या भट्टीवाल्याला हातभर लांबीचे तुकडे लागतात,
ते मी पाडतो, आणि इरप्पा थप्पी लावतो, डाव्या हातानं.
साल वर. टोकांना आडवं-उभं.
मध्ये बोटभर फट, वाऱ्याला.
ओलं लाकूड भट्टीत रडतं, पावाला वास लागतो, म्हणतो.
कमरेच्या वर रचता येत नाही त्याला
म्हणून आमच्या थप्प्या आता उंच होत नाहीत,
लांब होतात,
कुंपणापर्यंत गेल्या, तिथून वळल्या.

मशीनला पण दोन मुठी आहेत,
दोन्ही माझ्याच हातात.
सगळं नीट करतो: पाय फाकवून उभा, चष्मा, मोजे,
तरी ओंडका अर्धा झाला की
हात सैल पडतात जुन्या सवयीनं,
समोरून कुणी ओढेल म्हणून.
मशीन उसळतं.

थप्पीपाशी इरप्पाचं तोंड हलताना दिसतं.
बटण बंद करतो, टोप काढतो.
काय बे?
काही नाही, म्हणतो.
पट्टीचं तेल संपलंय तुझं.
वास आला.